जिन्यातला दिवा आणि घाटमाथ्यावरचा वारा

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सदस्य,
मुंबई शहर व उपनगरांतील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: सामाईक मीटरसाठी हरित वीज घेण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडणेबाबत

स.न.वि.वि.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची म्हणून आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात ताळेबंद, ऑडिटरचा अहवाल आणि थकबाकीदारांची यादी यांची जुळवाजुळव चालू असेल. सभेची नोटीस बोर्डावर लागण्याआधी विषयपत्रिकेत एक विषय वाढवा, एवढ्यासाठी हे पत्र. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने, पार्किंग आणि गेटवरचे दिवे ज्या मीटरवर चालतात, तो सामाईक मीटर पूर्णपणे हरित विजेवर, म्हणजे वारा, ऊन किंवा पाण्यापासून तयार झालेल्या विजेवर नेण्याचा ठराव करा. आणि ठराव करताना वीज कंपनीला विचारा, या विजेत वाऱ्यापासून मिळालेली वीज किती आणि ती कुठून येते.

मी पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या संस्थेची सचिव आहे. सामाईक मीटरचं बिल दर महिन्याला माझ्याच हातून व्हाउचरला लागतं. ते बिल हातात आलं की खजिनदारांची नजर देय रकमेवर जाते, माझीही जायची. हल्ली मी आधी युनिटचा आकडा बघते. समजा साठ सदनिकांची इमारत आहे, दोन लिफ्ट, दोन पंप, आणि सामाईक वापर महिन्याला ४,००० युनिट. देशात तयार होणाऱ्या विजेतली सुमारे सत्तर टक्के वीज अजूनही कोळशातून येते, आणि ग्रिडवरच्या, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातल्या, प्रत्येक युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आपला जिना, आपली लिफ्ट आणि आपला पंप मिळून वर्षाला तेहतीस-चौतीस टन. घराघरातले एसी, फ्रिज, गिझर यात धरलेलेच नाहीत. ज्याचं बिल कुणा एकाच्या नावावर येत नाही आणि म्हणून ज्याबद्दल कुणी बोलत नाही, तो हा वापर.

सौरऊर्जेबद्दल आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. गच्ची मोकळी असेल तर पॅनेल जरूर बसवा, त्याला माझा विरोध असण्याचं कारणच नाही. पण मुंबईत दोन अडचणी आहेत. इमारत जितकी उंच तितके गच्चीचे वाटेकरी जास्त, आणि त्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची मशीन रूम, मोबाइलचा टॉवर यांनी आधीच जागा अडवलेली. दुसरी अडचण पावसाळ्याची. जूनच्या मध्यापासून आभाळ भरलं की पॅनेलचं उत्पादन पार उतरतं. आणि लिफ्टची खरी धावपळ असते ती संध्याकाळी सात ते नऊ, तेव्हा सूर्य केव्हाच मावळलेला असतो.

नेमक्या याच ठिकाणी वारा कामाला येतो. जो नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येऊन मुंबईला झोडपतो, तोच पुढे सह्याद्रीवर चढतो. कडा चढताना तो दाटतो, वेग घेतो आणि माथ्यावरच्या उघड्या पठारांवरून सुसाट पुढे जातो. सातारा जिल्ह्यातलं वनकुसवडे आणि चाळकेवाडी, सांगलीकडचं ढालगाव, नगरचा पांचपट्टा, धुळ्याचं ब्राह्मणवेल या ठिकाणी पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यामुळे. राज्यात आज पाच हजार मेगावॅटहून अधिक पवनऊर्जेची क्षमता आहे, आणि तिच्या वर्षभराच्या विजेतला मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. सूर्य झाकला जातो तेव्हा वारा असतो, आणि तो दिवस मावळल्यावरही थांबत नाही. हिवाळ्यात मात्र उलट होतं. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडचा वारा मंदावतो, तेव्हा स्वच्छ ऊन कामाला येतं. म्हणून सौर की पवन हा वादच चुकीचा आहे. दोन्ही हव्यात, आणि मुंबईसारख्या पावसाळी शहराला तर पवनऊर्जा जास्तच हवी.

वनकुसवड्याच्या पठारावरून खाली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसतो. वीज तयार करायला कोयनेचं किती पाणी पश्चिमेकडे वळवायचं याला कृष्णा खोऱ्यातल्या पाणीवाटपाच्या लवादाने मर्यादा घातली आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). पावसाळ्यात वरच्या माथ्यावर वाऱ्याने तयार केलेलं प्रत्येक युनिट खालच्या जलाशयातलं थोडं पाणी उन्हाळ्यासाठी राखायला मदत करू शकतं. एकाच तालुक्यात, एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर या दोन विजा एकमेकींना सांभाळून घेऊ शकतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पाणी हा विषय मुंबईत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पाण्याचंच थोडं सविस्तर सांगते, कारण विजेच्या चर्चेत धुराबद्दल बोललं जातं आणि पाणी राहून जातं. कोळशाच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, वाफेने टर्बाइन फिरतं, आणि ती वाफ पुन्हा थंड करायला पाणी लागतं. शीतक मनोऱ्यांच्या जुन्या केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. आपल्या साठ सदनिकांच्या इमारतीचा हिशेब त्या मर्यादेने केला तर महिन्याला चौदा हजार लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचा टँकर मागवताना आपण किती फोन करतो ते आठवा. मुंबईजवळची ट्रॉम्बे आणि डहाणूची केंद्रं समुद्राचं पाणी वापरतात, ते खरं. पण आपल्या तारांत येणारी वीज तेवढीच नसते. राज्याच्या ग्रिडवरून येणाऱ्या विजेत विदर्भ-मराठवाड्यातल्या केंद्रांचाही वाटा असतो, आणि तिथे ते पाणी नदीचं किंवा धरणाचं असतं. २०१३ च्या दुष्काळात परळी वैजनाथचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. गावाला प्यायला पाणी नाही आणि वीजकेंद्रालाही नाही, अशी वेळ बीड जिल्ह्याने पाहिली आहे. पवनचक्कीला वीज तयार करायला पाणी लागत नाही. दुष्काळी पट्ट्यात याची किंमत काय आहे ते तिथल्या माणसाला विचारावं.

राखेचंही तसंच आहे. आपल्या देशी कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि पाव किलोच्या आसपास राख मागे उरते. ४,००० युनिट सगळे कोळशाचे धरले तर महिन्याला टनभर राख. काही राख सिमेंटमध्ये जाते, विटांमध्ये जाते. उरलेली पाण्यात कालवून तलावात सोडतात. नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या राखेचा बंधारा २०२२ च्या पावसाळ्यात फुटला आणि राखेचा गाळ शेतांत आणि ओढ्यांत शिरला. ते शेत आपण पाहिलेलं नाही, पण आपली लिफ्ट वर जाते तेव्हा अशाच एखाद्या शेताच्या नावावर काहीतरी जमा होत असतं.

मुंबईची वीज नेहमीच दुसऱ्याच्या दारात तयार होत आली आहे, हे मला आपल्याला आवर्जून सांगायचं आहे. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पाठोपाठ भिवपुरी आलं, मग भिरा. धूर नाही, कोळसा नाही, स्वच्छ वीज. पण भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं तेव्हा मावळातली गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नावाने ओळखला जाणारा मुळशी सत्याग्रह आपण शाळेत ओझरता वाचला असेल. तो मुंबईच्या विजेविरुद्धचा सत्याग्रह होता, हे मात्र पुस्तकात ठळकपणे सांगत नाहीत. पुढे १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं, नव्वदच्या दशकात डहाणूचं. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला होता. चिकूच्या वाड्या, आदिवासी पाडे, भरतीची खाडी. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणापुढे पाठपुरावा करून, धुरातलं गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवायला लावली. ती बसेपर्यंत मधली कितीतरी वर्षं गेली.

या सगळ्या इतिहासात वाऱ्याची वीज कुठे बसते? तिला नदी अडवावी लागत नाही, खाण खोदावी लागत नाही, चिमणी नसते, राख नसते. पोलाद, काँक्रीट, तांबं आणि पात्यांचा फायबर तयार करताना जे प्रदूषण होतं ते धरूनही, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०१४ च्या अहवालात जमिनीवरच्या पवनऊर्जेचा आयुष्यभराचा कार्बनभार युनिटमागे ११ ग्रॅमच्या आसपास दिला आहे. कोळशाचा ८२० ग्रॅम. छतावरच्या सौरऊर्जेचा ४१. पवनचक्की उभी करायला जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी ती साधारण वर्षभराच्या आत परत देते आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं चालते. खांबाच्या पायाला जागा लागते ती थोडी. मधल्या रानात बाजरी, ज्वारी, गवत चालू राहतं.

पण जे कागदावर स्वच्छ दिसतं ते जमिनीवर जाऊन बघावं, असं माझं मत आहे. साताऱ्याहून ठोसेघरच्या धबधब्याच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचा सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, वर वीतभर माती, कुठे तीही नाही. पावसाळ्यात तिथे धुकं इतकं दाट असतं की पवनचक्कीचा खांब दिसतो पण पाती दिसत नाहीत. फक्त आवाज येतो, ठरावीक अंतराने हवा कापल्याचा. धुकं हटलं की खडकाच्या खळग्यांत साठलेल्या पाण्याभोवती बोटभर उंचीची फुलं दिसतात, कास पठारावर असतात तशी. आणि त्या फुलांच्या मधून प्रत्येक खांबापर्यंत खडी टाकलेला रस्ता गेलेला असतो. खांबाचा पाया लहान असतो हे खरं, पण क्रेन तिथवर न्यायला रस्ता रुंद लागतो. सड्यावरची माती एकदा खरवडली की पुन्हा धरत नाही.

उन्हाळ्यात त्याच सड्यावर एक सरडा दिसतो. नर दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पडदा पंख्यासारखा उघडतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत, जवळजवळ एक चतुर्थांश भरली. घारी-ससाणे कमी झाले म्हणून सरडे वाढले. वाढलेले सरडे कमी बुजरे झाले, अंगाने बारीक झाले, त्यांच्या गळ्याचे रंग फिके पडले. हवेत चाललेल्या गोष्टीचा परिणाम जमिनीवरच्या वीतभर प्राण्याच्या रंगापर्यंत पोचतो. हे वाचून पवनऊर्जा नको म्हणायचं का? मी तसं म्हणत नाही. कोळसा जाळून जे होतं ते याहून कितीतरी पटींनी मोठं आणि कधी न भरून येणारं आहे. पण जी वीज आपण ठराव करून मागणार आहोत, तिच्याकडून सड्याचं आणि पक्ष्यांचं काय होतंय हे विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपली आहे.

राजस्थानचंही सांगते, कारण तो आता आपल्या घरात आला आहे. मुंबईच्या उपनगरांना मिळणाऱ्या विजेत जैसलमेरच्या ७०० मेगावॅटच्या पवन-सौर संकरित प्रकल्पाचा वाटा आहे. उपनगरांच्या विजेतला कोळसा कमी व्हायला त्याने मोठी मदत केली, हे मान्य करायला हवं. त्याच भागात माळढोक पक्षी शेवटचा तग धरून आहे. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेला हा जड अंगाचा पक्षी समोरचं नीट बघू शकत नाही आणि विजेच्या तारांना धडकून मरतो. एके काळी तो आपल्या सोलापूरकडेही होता, नान्नजचं अभयारण्य त्याच्याच नावाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या थोड्या पट्ट्यात हा पक्षी उरला आहे तिथे तारा भूमिगत करायचा खर्च वीज वापरणाऱ्यांनी, म्हणजे आपण, उचलायला हवा.

उपाय नाहीत असं नाही. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर मोजक्या पवनचक्क्यांचं तीनांतलं एक पातं काळं रंगवून पाहिलं. फिरणारी पाती पक्ष्यांना दिसू लागली आणि त्या पवनचक्क्यांखाली सापडणाऱ्या मेलेल्या पक्ष्यांची संख्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली. त्याहून मोठा उपाय आपल्या घाटमाथ्यावरच आहे. वनकुसवड्यासारख्या पठारांवर सुरुवातीच्या काळात बसवलेल्या पवनचक्क्या लहान क्षमतेच्या आहेत, काही तर ३५० किलोवॅटच्या. आजची एक पवनचक्की तीन मेगावॅटची असते. जुन्या काढून त्याच पट्ट्यात थोड्या नव्या बसवल्या तर नवा सडा न उकरता, नवा रस्ता न काढता, कमी खांबांत जास्त वीज मिळेल. केंद्र सरकारचं यासाठीचं धोरण २०१६ पासून आहे, २०२३ मध्ये ते सुधारलंही गेलं. राज्यात त्याला गती द्या, अशी मागणी मुंबईच्या हजारो संस्थांनी एकत्र केली तर ऊर्जा खात्याला ती ऐकावी लागेल.

आणि गावाचं काय? बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद त्या खटल्यात पुढे आला आहे. वाऱ्याला मालक नसतो, पण तो ज्या माळावरून वाहतो त्याला असतो, आणि मोबदल्याचे व्यवहार अंधारात झाले की तिथे कोण शिरतं हे महाराष्ट्राने पाहिलं. म्हणून वीज कुठून येते हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा राहत नाही. कोणत्या गावातून, कोणत्या कराराने, हेही त्यात येतं.

आता सभेत काय होईल ते सांगते. आमच्या सभेत तळमजल्यावरचे काका उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, वायर तीच, वीज तीच, मग जास्त पैसे कसले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या गच्चीवरच्या टाकीत आहे. टाकीत महापालिकेचं पाणी पडतं आणि टँकरचंही. नळाला येणारं पाणी कुठलं हे कुणी सांगू शकत नाही. पण महापालिकेचं जितकं जास्त पडेल तितका टँकर कमी मागवावा लागतो. ग्रिडचं तसंच आहे. आपण हरित वीज घेतली की आपल्या वापराएवढी वीज कंपनीला वारा, ऊन किंवा पाण्याच्या स्रोतांतून घ्यावी लागते आणि तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये ही सोय राज्यातल्या सगळ्या ग्राहकांना खुली केली, मग तुम्ही बेस्टचे ग्राहक असा, महावितरणचे असा किंवा उपनगरातल्या खासगी कंपनीचे. तेव्हा ठरलेला जादा आकार युनिटमागे ६६ पैसे होता. पुढच्या आदेशांत हा आकडा बदलतो, त्यामुळे सभेआधी चालू दर कंपनीकडून लेखी घ्या. ६६ पैशांनीच हिशेब केला तर ४,००० युनिटना महिन्याला २,६४० रुपये, म्हणजे साठ घरांत वाटले तर घरटी ४४ रुपये. मेंटेनन्सच्या बिलात ही रक्कम कुणाला जड जाऊ नये.

दुसरा प्रश्न हमखास येतो, "आपल्याच गच्चीवर छोटी पवनचक्की का नको?" ती विकणारे विक्रेते संस्थांच्या ऑफिसात येऊन जातात, म्हणून हे नीट समजून घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो. शहरात इमारतींना आपटून वारा फुटतो, भोवरे घेतो, दिशा बदलत राहतो. पातं जेवढं लांब तेवढी वीज जास्त, आणि गच्चीवर लांब पातं बसवता येत नाही. वर कंपनं स्लॅबमध्ये उतरतात ती वेगळीच. पवनचक्कीची जागा घाटमाथ्यावर. गच्चीवर पॅनेल बसवा आणि वारा ग्रिडवरून घ्या.

तिसरा आक्षेप, समुद्रात पवनचक्क्या उभ्या करा ना. केंद्राने जून २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, पण ती गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यासाठी. मुंबईच्या समुद्रात कोळ्यांची जाळी, बंदराची जहाजं आणि तेलविहिरी आधीच दाटीने आहेत. त्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

या ठरावाने मुंबईची हवा उद्या स्वच्छ होईल असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्या हिवाळ्यातल्या धुरक्यात बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर यांचा भार मोठा आहे, त्यासाठी वेगळं भांडावं लागेल. हा ठराव कोळशासाठी आहे, राखेसाठी आहे, परळी-कोराडीच्या पाण्या-मातीसाठी आहे, आणि दरवर्षी लांबत-बिघडत चाललेल्या पावसाळ्यासाठी आहे.

ठरावाचा मसुदा खाली देते, तसाच उतरवून घ्या:

"संस्थेच्या सामाईक वापराच्या सर्व मीटरसाठी शंभर टक्के हरित वीज घेण्यात यावी. त्यासाठी येणारा जादा आकार सामाईक वीज खर्चात धरण्यात यावा. वीज कंपनीकडून पुढील माहिती लेखी मागवून ती पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी: आमच्यासाठी घेतलेल्या विजेत पवनऊर्जेचा वाटा किती, ती कोणत्या प्रकल्पांतून येते, आणि ही वीज कंपनीच्या सक्तीच्या नवीकरणीय खरेदीत मोजली जाते की त्याशिवाय जादा घेतली जाते. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर."

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. आपल्या पैशांतून जादा स्वच्छ वीज ग्रिडवर येते आहे की कंपनीला जी वीज नियमाप्रमाणे तशीही घ्यावीच लागणार होती तीच आपल्या नावावर दाखवली जाते आहे, हे त्यावरून कळेल. उत्तर गोलमोल आलं तर पुन्हा पत्र पाठवा, पोच घ्या, आणि आजूबाजूच्या चार संस्थांना सोबत घेऊन आयोगाकडे लिहा. सुनावणीच्या वेळी ग्राहकांच्या हरकती आणि सूचना आयोग मागवतो. त्यात गृहनिर्माण संस्थांची पत्रं गठ्ठ्याने जायला हवीत.

सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवसांची मुदत लागते, त्यामुळे हा विषय ऐनवेळच्या विषयांत टाकू नका. आत्ताच विषयपत्रिकेत घ्या आणि नोटिशीसोबत सामाईक मीटरच्या गेल्या बारा बिलांची युनिटं जोडा, म्हणजे सभासद हिशेब घरूनच करून येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव,
मुंबई